धुऱ्यावरच्या खुंट्या

रस्ता वाकडा आहे म्हणून तो सरळ करायचा, एवढं साधं कारण आमच्या घरात कुणालाच पटलं नाही. सरकार आपणहून एखादी गोष्ट सरळ करतं, यावर विश्वास ठेवायला माणूस एकतर फार लहान असावा लागतो, नाहीतर सरकारी नोकरीत. बाबांनी बातमी ऐकली, सुपारीचं खांड एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि म्हणाले, "इथं कोणाचं तरी पाणी मुरून राहिलं."

सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. प्रताप नगरची घरं तेव्हा विरळ होती आणि ती संपली की आमच्याकडची वावरं लागायची. आम्ही तिथेच, वावरातल्या घरात राहायचो. मी सायकलने धरमपेठेत कॉलेजला जायची ती त्याच वाकड्या रस्त्याने. नाल्यापाशी तो असा काही वळायचा की समोरून येणारी बस थेट अंगावर आल्यावरच दिसायची. बैलगाड्या तिथे उलटल्या होत्या, सायकलवाले तर दर पावसाळ्यात नाल्यात जायचे. वळण वाईट होतं हे मी स्वतः सांगू शकले असते. पण घरात सांगायची सोय नव्हती. "तुले कोणी पढवून पाठवलं काय?" असं मलाच विचारलं असतं.

संशय हा आमच्या घरात दोष नव्हता, ती अक्कल समजली जायची. आईला दूधवाला पाणी घालतो असा संशय होता, बाबांना सगळ्या जगाचा होता, आणि मी या दोघांची मुलगी आहे. आजही दुकानदार हसून बोलला की मी आधी वजनाच्या काट्याकडे बघते.

आमच्या वावराला लागून एका काकांचं वावर होतं. नात्यातले नव्हेत, पण दोन वावरांमध्ये फक्त धुरा होता. आमच्याकडे दोन वावरांमधल्या बांधाला धुरा म्हणतात, आणि धुऱ्याचं नातं सख्ख्या नात्याहून कटकटीचं आणि म्हणूनच घट्ट असतं. दरवर्षी नांगरताना आमचा नांगर धुऱ्याचा थोडा काठ खायचा, त्यांचा नांगर दुसऱ्या बाजूने थोडा खायचा. धुऱ्याच्या टोकाला पुरलेला खुणेचा दगड कधी वीतभर आमच्याकडे यायचा, कधी वीतभर त्यांच्याकडे जायचा. तो कोण हलवतो हे सगळ्यांना माहीत होतं. पेरणीच्या आधी बाबा आणि काका दोघं धुऱ्यावरून चालत जायचे, घसा बसेपर्यंत भांडायचे, दगड पुन्हा मधोमध पुरायचे आणि मग आमच्याकडे नाहीतर त्यांच्याकडे रोडगे आणि वांग्याची भाजी खायला बसायचे. इतक्या वर्षांत या कार्यक्रमात खंड पडला नव्हता.

आणि याच धुऱ्यावर, बरोबर मधोमध, विहीर होती. दोन्हीकडच्या आजोबांनी मिळून खणलेली, काळ्या घडीव दगडांच्या कठड्याची. सकाळचं पाणी आमचं, दुपारनंतरचं त्यांचं. त्या पाण्यावर आमची वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि थोडी संत्र्याची झाडं उभी होती. बाबा म्हणायचे, रोडात वावराचा तुकडा गेला तर जाऊ दे, पण विहीर गेली तर उरलेलं वावर म्हणजे नुसती जागा, तिच्यावर मग घरंच उगवतील. आमचं सगळं त्या विहिरीवर होतं आणि आम्हाला ते पक्कं ठाऊक होतं.

मोजणीवाले आले. एक तरुण इंजिनिअर साहेब, जाड भिंगांचा चष्मा, डोक्यावर हॅट, आणि बरोबर साखळी, झेंडे, तीन पायांची दुर्बीण घेऊन फिरणारी माणसं. साहेब पुण्याकडचा होता. त्याचं मराठी छापल्यासारखं शुद्ध होतं, त्यामुळे तो खोटं बोलतो हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी ठरलं.

आता मोजणीवाल्यांना सावली हवी. धुऱ्याजवळ सावलीचं मोठं झाड एकच, आमचा आंबा. त्यांनी आंब्याखाली टेबल मांडलं. दारी आलेल्या माणसाला चहा न देणं आईला जमत नसे, मग तो चोर का असेना. तिने चहा पाठवला. एवढ्यावर काम झालं.

दुसऱ्याच दिवशी काकू विहिरीवर पाणी भरायला आल्या आणि दोर सोडता सोडता आईला म्हणाल्या, "तुमच्याच झाडाखाली काहून बसून राहिले वं सायेब? आमच्या झाडाले सावली नाही काय?"

"तुमचं झाड बोरीचं आहे बाई," आई म्हणाली. "काटे टोचतीन त्याइले."

"चहाबी जाते म्हणतेत."

"तं तुमी द्या ना दूध."

काकूंनी बादली ओढली ती अर्ध्याहून जास्त हिंदकळवत. घरी येऊन आई म्हणाली, "त्याइच्या मनात काहीतरी आहे." मनात काय आहे ते काकूंनी तोंडावर सांगितलं होतं, पण आमच्या घरात कुणी सरळ बोललं तर ते आणखीच संशयाचं.

मग साहेबाच्या माणसांनी खुंट्या ठोकल्या. एकापुढे एक, सरळ रांगेत, आणि कुठे तर धुऱ्यावरून. बाबांनी आणि काकांनी आपापल्या घरी एकच हिशोब मांडला. खुंट्या धुऱ्यावर म्हणजे रोड धुऱ्यावरून. रोड धुऱ्यावरून म्हणजे विहीर रोडात.

कुणीही शहाणा माणूस सरळ जाऊन विचारेल, की साहेब, ही ओळ कशाची? मी बाबांना तसं म्हणालेही. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी लग्नाआधीच सासरची बाजू घेतली होती. म्हणाले, "इचारलं की त्याले समजते का आपल्याले भेव आहे. मंग तो मुद्दाम इकडून नेते." मी स्वतः जाऊन विचारावं तर मुलीने परक्या साहेबाशी बोलायचं नाही, हा नियम होता. बोलले असते तर काकूंना आणखी एक विषय मिळाला असता.

त्यामुळे बाबांनी तेच केलं जे ते आयुष्यभर करत आले होते. एका पहाटे धुऱ्यावरच्या खुंट्या वीतभर काकांच्या बाजूला गेलेल्या होत्या. माती ताजी होती. त्यानंतरच्या सकाळी त्याच खुंट्या हातभर आमच्या बाजूला आलेल्या. मग पुन्हा तिकडे. दोन बायका एका पाटावरून ओढाताण करतात तशी ती गंमत चालली होती, फक्त कुणी हसत नव्हतं. दोघांनाही खरंच वाटत होतं की खुंटी सरकली की रस्ता सरकतो. धुऱ्याचा दगड सरकला की धुरा सरकतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

साहेब दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ उभा राहिला. मग डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. शेवटी ओरडला, "तुमच्या गावात खुंट्या चालतात की काय?"

बाबा आपल्या बाजूला वांगी खुडत होते, काका त्यांच्या बाजूला पाण्याचा दंड साफ करत होते. दोघांनीही मान वर केली नाही. दोघांनाही वाटलं, साहेबाने दुसऱ्याला पकडलं.

साहेब रागाने धुऱ्यावरून चालत विहिरीपाशी गेला. माणसाकडून रंगाचा डबा मागवला आणि कठड्याच्या एका दगडावर, जिथे आमचा आणि त्यांचा भाग मिळत होता बरोबर तिथे, लाल फुली मारली. शेजारी इंग्रजीत दोन अक्षरं लिहिली. मग सामान आवरून सगळे निघून गेले आणि पुढे कित्येक महिने फिरकले नाहीत.

त्या फुलीचा अर्थ लावायला आम्हाला कुणाची गरज नव्हती. आधी विजेची लाइन आली होती तेव्हा ज्या ज्या झाडावर लाल फुली पडली ते ते झाड कापलं गेलं होतं. काकांची चिंच तशीच गेली होती. फुली म्हणजे मरण, हे शाळेत न गेलेल्यालाही वाचता येत होतं. आई त्या दिवशी विहिरीवर गेली आणि रिकामी बादली घेऊन परत आली. मला वाटतं ती फुलीकडे बघत उभी राहिली आणि पाणी भरायचंच विसरली.

पुढचे दिवस वाईट गेले. बाबांच्या डोक्यात पक्कं बसलं की काकांनीच साहेबाला गाठून विहिरीवर नेलं, कारण त्यांचं जास्तीचं वावर नाल्याकडे आहे आणि त्यांना ते वाचवायचं आहे. काकांच्या डोक्यात बसलं की आंब्याखालच्या चहाने काम केलं, बाबांनी आपली संत्र्याची झाडं वाचवली आणि विहीर सरकारला दाखवून दिली. दोघंही दुसऱ्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते. पाण्याच्या पाळीवर भांडण झालं नाही, आणि हेच भयंकर होतं. आधी भांडायचे. आता बाबा सकाळी मोटर चालवायचे, दुपार व्हायच्या आत बंद करून काही न बोलता घरी यायचे, आणि मग काका यायचे.

पोळ्याला दोन्ही घरच्या बैलजोड्या तोरणाखाली नेहमी शेजारी उभ्या राहायच्या. त्या वर्षी बाबांनी आमची जोडी दुसऱ्या टोकाला नेली. बैल सवयीने काकांच्या जोडीकडे ओढत होते, बाबा कासरा आवळत होते. मला त्या वेळी बैलांची इतकी कीव आली की बाबांचा राग यायला लागला. घरी येऊन मी बैलांना पुरणपोळी भरवताना रडले आणि आईने विचारलं तर डोळ्यात झुलीचा धागा गेला म्हणून सांगितलं.

मग दलाल आला. धरमपेठेकडून स्कूटरवर, सफारी घातलेला, पानाने लाल ओठ. आधी विहिरीकडे गेला, फुलीवरून बोट फिरवलं आणि बाबांना म्हणाला, "हे पाहा भाऊ, सायबानं शिक्का मारला. आता पाणी गेलं समजा. बिनपाण्याचं वावर घेऊन काय कराल? आम्ही इथं प्लॉटचा लेआउट पाडून राहिलो, तुमच्या पलीकडच्यानं तं हो म्हटलं."

बाबा ताडकन उठले. "त्यानं हो म्हटलं?"

"मी कायले खोटं बोलू?"

तो आमच्याकडून उठला आणि धुरा ओलांडून काकांकडे गेला. काकांना काय म्हणाला ते मी ऐकलं नाही, पण मला शब्दन् शब्द माहीत आहे. तिथे आमचं नाव घेतलं असणार. आमच्या घरी काकांचं घेतलं तसं. दोघांनीही एकमेकांच्या आधी पोचायची घाई केली आणि दोघांनीही एकाच आठवड्यात विक्रीच्या कागदावर सह्या करून दिल्या. पीक निघालं की वावराचा ताबा द्यायचा, असं ठरलं.

त्या माणसाला फुलीचा खरा अर्थ ठाऊक होता असं मी आजही मानते. माझ्याकडे पुरावा काही नाही. पण रस्त्यांच्या मागे मागे फिरणं हाच ज्याचा धंदा, त्याने अशी फुली त्याआधी पाहिलीच नसेल, हे मला शपथ घेऊन सांगितलं तरी पटणार नाही.

ताबा द्यायचा म्हटल्यावर बाबा म्हणाले, "विहीर तं जाणारच. कठड्याचे दगड काहून सोडाचे?" आणि त्यांनी आमच्या बाजूचा एक दगड काढला. काकांनी ते पाहिलं आणि त्यांच्या बाजूचा काढला. मग ते थांबलंच नाही. यांनी एक काढला की त्यांनी एक काढायचा, ते एक पहार जास्त मारतात की काय म्हणून यांनी बघत राहायचं. आजोबांनी बसवलेला कठडा दोघं मिळून उतरवत होते आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. वरचे दगड गेले तशी आतली माती ढासळायला लागली. एका पावसाने बाजूचा मोठा भाग आत कोसळला आणि पाणी गढूळ होऊन गेलं. मोटर काढून घेतली. काठावर फक्त एक दगड उरला, लाल फुलीचा. तो मधोमध होता म्हणून कुणाचा ते ठरत नव्हतं, आणि सरकारी खूण असलेल्या दगडाला हात लावायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

थंडीत साहेब परत आला. तीच हॅट, तोच चष्मा, तीच माणसं. ताबा द्यायला थोडेच दिवस राहिले होते. मी उरलासुरला सांबार उपटत होते. बाबा आंब्याखाली बसले होते आणि काका त्यांच्या बाजूला गवत कापत होते. साहेब धुऱ्यावरून विहिरीपर्यंत आला आणि थबकला. आत वाकून पाहिलं. मग आमच्याकडे वळला.

"ही विहीर कुणी मोडली?"

सवयीने बाबांनी काकांकडे पाहिलं आणि काकांनी बाबांकडे.

"अहो, हिच्यावर माझी खूण होती."

"म्हणूनच तं," बाबा म्हणाले. "तुमी फुली मारली ना. जाणारच होती ते."

साहेब गोंधळला. मग त्याने हॅट काढली. मला ते नेमकं आठवतं, कारण त्याआधी मी त्याला हॅटशिवाय पाहिलं नव्हतं आणि तो अगदी पोरगेला दिसला.

"पाडायच्या गोष्टीवर आम्ही खूण करत नाही," तो म्हणाला. "जी जागची हलणार नाही, तिच्यावर करतो. तिथून बाकी सगळं मोजायचं असतं. तुमच्या खुंट्या रोज हलत होत्या. मी म्हटलं, विहीर तरी कुणी हलवणार नाही."

काका विळा हातात घेऊन धुऱ्यावर आले. बाबाही उठून आले. पोळ्यानंतर ते इतके जवळ पहिल्यांदाच उभे होते.

"मंग रोड?" काकांनी विचारलं.

साहेबाने नाल्याकडे हात केला. "तिकडून. नाल्याच्या अंगाने. तुमच्या दोघांच्या पडीक तुकड्यातून थोडं जाईल, बस."

"अन् खुंट्या धुऱ्यावर काहून ठोकल्या?" बाबांचा आवाज चढला होता.

"त्या मोजणीच्या ओळीच्या होत्या, रस्त्याच्या नव्हे. धुऱ्यावर काही पेरलेलं नव्हतं. तुमचं पीक तुडवायचं नव्हतं आम्हाला."

तो खरं बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझी खात्री पटली की एक सरकारी माणूस खरं बोलतोय, आणि मला त्याचा असा संताप आला की हातातली सांबाराची जुडी मी तिथेच फेकली. तो खोटं बोलला असता तर आम्ही बरोबर ठरलो असतो.

रोड पुढे नाल्याच्या अंगानेच झाला, साहेबाने हात केला होता तिथून. आमच्या वावरात लेआउट पडला. विहीर मुरूम टाकून बुजवली आणि आज तिथे एका मंगल कार्यालयाची पार्किंग आहे. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी साहेब आपल्या माणसांना हाका मारायला बाजूला गेला आणि धुऱ्यावर बाबा आणि काका दोघंच राहिले.

"सायेबाले इचारलं काहून नाही गा आपण?" काका म्हणाले.

बाबा विहिरीत बघत होते. मान न उचलता म्हणाले, "तुमी तं मले बी नाही इचारलं."

काका खाली बसले, आणि फुलीच्या दगडावर साठलेली माती हाताने पुसली. मग दगडाला हलका धक्का दिला, आमच्या बाजूला. "हा तुमी न्या भाऊ. तुमच्या अंगाचा हाय."

बाबा बसले आणि त्यांनी तो परत तिकडे ढकलला. "नाही गा. तुमचा हाय. तुमच्या बापानं बसवला होता."

"तुमच्या बापानंच."

मी जन्मल्यापासून या दोन माणसांना वीत वीत जमिनीसाठी दगड आपल्याकडे ओढताना पाहत आले होते. आता दोघं म्हातारी माणसं मोडक्या विहिरीच्या काठावर बसून एकच दगड एकमेकांकडे ढकलत होती, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात साहेब मागून ओरडला, "अहो, तो तेवढा हलवू नका! मला तिथूनच मोजायचंय."

दोघांनीही पटकन हात काढून घेतले. साहेबाच्या माणसाने टेपचं टोक फुलीवर धरलं आणि बाबांना जरा बाजूला व्हायला सांगितलं.